भाडं आधी शोधा, फ्लॅट नंतर

प्रश्न असा आहे: वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी, स्वतः वाकडला भाड्यानं राहतो, हाताशी २० लाख साठलेत. हिंजवडीजवळच्या एका चालू प्रकल्पात ७५ लाखांचा टू बीएचके दाखवलाय, ताबा तीन वर्षांनी. विक्रीवाले म्हणतात, भाड्यातून हप्ता सुटेल. सुटेल का? नवख्यानं सुरुवात कुठून करावी? आणि घर आईच्या नावावर घेतलं तर फायदा होतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. सुटणार नाही, अर्धासुद्धा सुटणार नाही. हे कळूनही घर घ्यायचं असेल तर जरूर घ्या, आम्हीही घेतली. पण आकडा कागदावर मांडून घ्या.

मी २००३ पासून पुण्यात घरं भाड्यानं देते. आज आमची चार आहेत, कोथरूडला दोन, सिंहगड रस्त्यावर एक आणि वाकडला एक. शिवाय परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांच्या तीन फ्लॅटचं मीच बघते. म्हणजे माझ्या कपाटात सात किल्ल्या आहेत, आणि खाली जे लिहिलंय ते त्या सात दारांमागे शिकलेलं आहे.

आपल्याकडे रीत अशी की आधी सॅम्पल फ्लॅट आवडतो, मग बँक किती कर्ज देईल ते विचारलं जातं, मग टोकन जातं, आणि ताबा मिळाल्यावर एजंटला फोन होतो, "भाडं किती येईल हो?" स्वतः राहायचं घर असं घेतलं तर चालतं, कारण तिथे तुमची आवड हेच मोल असतं. भाड्याच्या घरात तुमच्या आवडीला कोणी पैसे देत नाही. पैसे देतो तो रोज सकाळी साडेआठला ऑफिसची बस पकडणारा, मुलाला शाळेत सोडणारा, संध्याकाळी नळाला पाणी हवं असणारा माणूस. म्हणून आधी त्याला शोधा. तो किती भाडं द्यायला तयार आहे ते कळलं की कोणता फ्लॅट, कुठे आणि किती किमतीला, हे बरंचसं आपोआप ठरतं.

तुम्ही स्वतः भाडेकरू आहात, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. टोकन देण्याआधी तीन रविवार त्या भागात घर भाड्यानं हवंय म्हणून फिरा. जाहिरातीत मागितलेलं भाडं वहीत लिहू नका, करार शेवटी कितीला झाला ते विचारून लिहा. दोन्हींत हजार-दोन हजारांचा फरक सहज असतो. घर किती दिवस रिकामं आहे ते विचारा. एकाच संकुलात एजंट तुम्हाला एकामागून एक सात फ्लॅट दाखवू शकला, तर तुमचा आठवा तिथे कोणाला हवाय? गेटवरच्या वॉचमनशी दहा मिनिटं बोला. मे महिन्यात रोज किती टँकर येतात हे त्याच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही. पश्चिम पुण्यात आणि महापालिकेत नंतर आलेल्या गावांमध्ये (२०१७ मध्ये ११ आली, २०२१ मध्ये २३) पाण्याचा खर्च थेट मेंटेनन्समध्ये चढतो, आणि मेंटेनन्स बहुतेक वेळा मालकाच्या खिशातून जातो. बोअरवेलच्या जड पाण्यानं गीझरची कॉइल आणि नळ लवकर खराब होतात, ते वेगळं.

आता हिशोब. हा मी प्रत्येकाला मांडायला लावते, कारण "साठ लाखांच्या घराला वीस हजार भाडं, म्हणजे चार टक्के" एवढ्यावर लोक थांबतात.

महापालिका हद्दीतला, राहता झालेला, रीसेलचा ६० लाखांचा फ्लॅट धरा. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटचा एक टक्का ६० हजार. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार असतं, तेवढं धरा. वकिलाचा शोध अहवाल आणि कागद तपासणी १५ हजार. रंग, पंखे, गीझर, जाळ्या, किचन ट्रॉली, पडद्यांच्या पट्ट्या मिळून २ लाख. एकूण ६७ लाख ५० हजार. तुमचं भांडवल एवढं आहे. परताव्याची टक्केवारी साठवर काढू नका, या आकड्यावर काढा.

भाडं २० हजार. वर्षातला एक महिना घर रिकामं राहील असं धरा, म्हणजे हातात येतात २ लाख २० हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजारांनी ३६ हजार, ना-भोगवटा शुल्क साधारण २,४०० (मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते, त्याबद्दल पुढे सांगते), मिळकतकर १२ हजार, दुरुस्त्या १५ हजार. दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलला आणि दर वेळी एक महिन्याची दलाली गेली तर वर्षाला १० हजार. बेरीज ७५,४००. उरले १ लाख ४४ हजार ६००. साडेसदुसष्ट लाखांवर हे सव्वादोन टक्केही होत नाहीत. मुदत ठेव याहून जास्त देते, आणि ठेवीचा नळ रात्री अकराला गळत नाही.

मिळकतकराचा एक बारकावा. पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत मिळते. घर भाड्यानं गेलं की ती मिळत नाही. आधीच्या मालकाची पावती बघून तोच आकडा हिशोबात धरू नका.

कर्जाची बाजू बघा. ६० लाखांच्या घराला ८० टक्के, म्हणजे ४८ लाख कर्ज मिळेल. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते तुमच्या खिशातून. साडेआठ टक्के दर आणि २० वर्षं मुदत धरली तर हप्ता ४१,६५५ रुपये. खर्च जाऊन भाडं सुटतं महिन्याला १२,०५०. उरलेले साडेएकोणतीस हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून, शिवाय सुरुवातीला साडेएकोणीस लाख रोख.

मग लोक घर घेतातच का? भाडं हळूहळू वाढतं, हप्ता साधारण तिथेच राहतो, आणि जागा योग्य असेल तर घराची किंमत वाढते. सक्तीची बचतही होते. ही तिन्ही कारणं खरी आहेत. पण किंमत वाढेलच असं धरून चालू नका. पुण्यात ज्या भागांत शेजारी मोकळी जमीन भरपूर आहे, तिथे दरवर्षी नवे मजले उभे राहतात आणि जुन्या फ्लॅटचा भाव वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, हे मी स्वतः बघितलंय. म्हणून माझी कसोटी अशी: पुढची दहा वर्षं भाव अजिबात वाढला नाही तरी दरमहाचा फरक मला घरच्या गरजांना हात न लावता भरता येईल का? आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून हे जमतंय का? दोन्हींना होकार असेल तरच पुढे जा.

आता तुम्हाला दाखवलेला चालू प्रकल्प. पहिल्या भाड्याच्या घरासाठी मी तो सुचवणार नाही. ७५ लाखांवर ५ टक्के जीएसटी म्हणजे पावणेचार लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत तो लागतच नाही. ६० लाखांचं कर्ज धरलं तर १५ लाख तुमचे, वर जीएसटी, वर मुद्रांक शुल्क; तुमचे २० लाख ताब्याच्या आधीच संपतात. हप्ता ५२ हजारांच्या पुढे जाईल. तीन वर्षं बँकेचं व्याज चालू, भाडं शून्य, आणि तुम्ही स्वतः वाकडचं भाडं भरताय.

ताब्याच्या वेळी काय होतं ते विक्रीवाले सांगणार नाहीत. चारशे-पाचशे फ्लॅटच्या संकुलाचा ताबा एकाच सुमारास दिला जातो. त्यातले निम्मे तुमच्यासारख्यांनी भाड्यासाठी घेतलेले असतात आणि सगळे त्याच महिन्यात भाडेकरू शोधायला लागतात. लिफ्टला अजून पुठ्ठे लावलेले, शेजारच्या फ्लॅटमध्ये टाइल्स कापणं चालू, रस्ता कच्चा. पहिल्या वर्षी मिळेल त्या भाड्याला द्यावं लागतं. वाकडचा आमचा फ्लॅट असाच घेतला होता. ठरवलेल्या भाड्यापेक्षा तीन हजार कमी घेतले, तरी भाडेकरू मिळायला चार महिने गेले.

माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गिकेचं नाव घेऊन दर सांगितला जात असेल, तर एकच गोष्ट तपासा: स्टेशनपासून इमारतीच्या गेटपर्यंत पावसात पायी किती मिनिटं लागतात. दहाच्या वर असतील तर भाडेकरूच्या लेखी ते घर मेट्रोजवळ नाही.

चालू प्रकल्पातच घ्यायचं ठरलं, तर महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची जाहीर तारीख, ती आधी किती वेळा पुढे गेली, आणि जमिनीवर बोजा आहे का, हे बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागायचा बिल्डरला अधिकार नाही. मागणी आली तर कायदा दाखवा.

मग घ्यावं कसलं? पहिलं घर लहान, राहतं झालेलं, पाच-दहा वर्षं जुनं, आणि ज्याला एकाहून जास्त प्रकारचे भाडेकरू मिळतील असं. हे शेवटचं मला २०२० नं शिकवलं. लॉकडाउन लागला, ऑफिसं घरून चालू झाली, आणि वाकडच्या फ्लॅटमधली मुलं सामान बांधून आपापल्या गावी गेली. ते घर आठ महिने बंद होतं. कोथरूडची दोन्ही घरं मात्र एक दिवस रिकामी राहिली नाहीत, कारण एकात बँकेत काम करणारे गृहस्थ आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी, दुसऱ्यात निवृत्त आई-वडील आणि डॉक्टर मुलगा. भाडं वाकडपेक्षा थोडं कमी, पण शाळा, दवाखाना, मंडई पायी अंतरावर. एकाच उद्योगावर जगणाऱ्या भागात घर घेतलं की त्या उद्योगाची सर्दी तुमच्या घराला होते.

लिफ्ट नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर घेऊ नका. पाइप गॅस असेल तर उत्तम, भाडेकरू त्याच्यासाठी घर धरून राहतात. झाकलेलं पार्किंग असेल तर ते नेमकं कोणाच्या नावे, हे सोसायटीच्या नोंदीत बघा; विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर कित्येक जण फसलेत.

कागदांबद्दल लांबण लावत नाही, वकिलाला पैसे द्या आणि तपासून घ्या. स्वतःच्या डोळ्यांनी मात्र चार गोष्टी बघा: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला), मालकीची साखळी जोडणारे सगळे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीचे सरकारी उतारे), सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, आणि जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे की नाही. आसपासपेक्षा पंधरा-वीस लाखांनी स्वस्त मिळतंय, रस्त्याला लागून आहे, पण बँक कर्ज देत नाही, असं कोणी सांगितलं की समजा मंजूर नकाशा नाही. तिथे भाडं छान मिळतं हे खरंय. पण उद्या नोटीस आली तर भाडेकरू निघून जाईल, तुम्ही जाल कुठे?

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरणं ही घेणाऱ्याची जबाबदारी असते. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळा आहे आणि कपात पुष्कळ जास्त. पुण्यात अमेरिकेत स्थायिक झालेल्यांचे फ्लॅट विक्रीला येतच असतात, तेव्हा टोकनआधी सीएला विचारा.

आता कराराचा विषय. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात महाग धडा मी इथेच शिकले.

२००६ मध्ये सिंहगड रस्त्यावरचा फ्लॅट ओळखीतून आलेल्या एका कुटुंबाला दिला. शंभराचा स्टँप पेपर, नोटरीचा शिक्का, ११ महिने मुदत. सगळे तसंच करत होते. दोन वर्षं सुरळीत गेली, मग भाडं थांबलं. मागायला गेलो तर ते म्हणाले, डिपॉझिट पंधरा नव्हे, पन्नास हजार दिलं होतं, ते फिटेपर्यंत राहणार. वकिलाकडे गेलो तेव्हा कळलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. घर रिकामं व्हायला चौदा महिने लागले.

"११ महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही" हे तुम्हाला आजही शंभर जण सांगतील. एका वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, या जुन्या नियमातून ती समजूत आली. महाराष्ट्रात ती चालत नाही. इथे ११ महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदणी हवीच.

खर्च तरी किती? २० हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट, ११ महिने. एकूण भाडं २ लाख २० हजार, त्यात डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज साडेपाच हजार मिळवायचं. त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सहाशेच्या आतच. शहरात नोंदणी फी १ हजार. एजंट घरी येऊन अंगठे आणि फोटो घेतो, त्याची फी वेगळी. एवढ्या पैशांत तुम्ही निश्चिंत झोपता.

आमच्या आधीची पिढी घर भाड्यानं द्यायला घाबरायची, आणि त्यांची भीती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी गोठवली होती आणि भाडेकरू उठवणं जवळपास अशक्य होतं. मुंबईतल्या पागडीच्या चाळी त्याच काळाची खूण आहेत. लोक घराला कुलूप लावून ठेवत, पण भाड्यानं देत नसत. आज नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारात राहणाऱ्याला ठरावीक मुदतीची परवानगी मिळते, कुळाचा हक्क निर्माण होत नाही. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तोपर्यंत दुप्पट दरानं भरपाई मागता येते. त्या अर्जात लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून करार नीट वाचा, एजंटचा छापील नमुना डोळे झाकून मान्य करू नका.

माझ्या करारात काय असतं ते सांगते. सोडायची नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिना. महावितरणचं बिल भाडेकरूनं भरायचं, आणि ताबा देताना-घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो. थकबाकी राहिली तर ती माझ्या नावाच्या मीटरवर राहते. पाचशेपर्यंतची किरकोळ दुरुस्ती त्याची, त्यावरची माझी, गळती मात्र कितीही असो, माझी. सोबत वस्तूंची यादी आणि घराचा एक सलग व्हिडिओ, दोघांच्याही फोनवर. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवते, तेही न चुकता.

मुदतीचं एक गणित फार कमी जण करतात. कुटुंबं घर बदलतात ती परीक्षा संपल्यावर, एप्रिल ते जून. नवी नोकरी लागलेली मुलं जून-जुलैत येतात. नोव्हेंबरात रिकामं झालेलं घर पुष्कळदा फेब्रुवारीपर्यंत तसंच बसून राहतं. आणि ११-११ महिन्यांचे करार करत गेलात तर संपायचा महिना दरवर्षी एकानं मागे सरकतो. म्हणून मी पहिल्या कराराची मुदत अशी ठेवते की तो मे महिन्यात संपावा, मग ती ९ महिने येवो की १६. चांगलं कुटुंब असेल तर सरळ ३६ महिन्यांचा करार, दरवर्षी ५ टक्के वाढ आतच लिहिलेली. कायदा ६० महिन्यांपर्यंत परवानगी देतो.

डिपॉझिट तीन महिन्यांचं घेते, आणि घर रिकामं होतं त्याच दिवशी, किल्ली हातात आल्यावर, हिशोब करून परत देते. या बाबतीत मी आग्रही आहे. भाड्याच्या घरांतली सगळ्यात मोठी कटुता इथे निर्माण होते. मालक रंगाचे, साफसफाईचे, कसल्या कसल्या डागांचे पैसे कापतात, आणि नव्या शहरात आलेली पोरं भांडायला घाबरतात. भिंत दोन वर्षांत मळणारच. दोन वर्षं राहिलेल्याकडून मी रंगाचे पैसे घेत नाही. ते पैसे त्याच्या भाड्यात आलेले असतात.

भाडं वाढवायच्या वेळीही हाच विचार करा. बाजारात दोन हजार जास्त मिळतायत म्हणून चार वर्षं वेळेवर भाडं देणाऱ्याला उठवलंत, तर वर्षाला चोवीस हजार मिळवायला एक महिना रिकामा, एक महिना दलाली आणि रंग असं मिळून साठ-सत्तर हजार घालवाल. कोथरूडचे बँकेतले गृहस्थ आमच्याकडे नऊ वर्षं होते. त्यांचं भाडं बाजारापेक्षा नेहमी थोडं कमीच राहिलं, आणि आमच्या चार घरांमध्ये मला सगळ्यात जास्त निव्वळ पैसे त्या घरानं दिले.

भाडेकरू निवडताना पगारपत्र बघा, आधीच्या घरमालकाशी फोनवर बोला, आणि दुरुस्तीचं काय करायचं हा प्रश्न तो कसा विचारतो ते ऐका. एवढं पुरतं. आडनाव, जात, धर्म, स्वयंपाकघरात काय शिजतं, मुलगी एकटी आहे का, हे विचारू नका. सोसायटीतले लोक तुमच्यावर दबाव आणतील, "बॅचलर नको", "अमुक नको" म्हणतील. घर भाड्यानं देताना मी सोसायटीला रीतसर कळवते, कराराची प्रत देते, आणि नियम मोडला तर जबाबदारी माझी असं लेखी सांगते. त्यापुढे कोणाला ठेवायचं हा निर्णय माझा. घरं रिकामी असूनही दारादारांतून नकार ऐकत फिरलेली मुलं माझ्यासमोर बसून रडलेली आहेत. दिवसभर हिंडून, नावामुळे आठ ठिकाणी नाही ऐकून आलेली एक परिचारिका पाच वर्षं आमच्या सिंहगड रस्त्याच्या घरात राहिली, आणि जाताना घर मी दिलं होतं त्याहून स्वच्छ ठेवून गेली.

सोसायटीवरून ना-भोगवटा शुल्क आठवलं. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या (मेंटेनन्समधल्या एका भागाच्या) १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. तरीही पुष्कळ सोसायट्या सरसकट हजार-दीड हजार लावतात. आदेशाची प्रत जोडून शांतपणे पत्र द्या. भांडायची गरज पडत नाही, माझ्या दोन सोसायट्यांनी पुढच्या बिलात दुरुस्ती केली.

प्राप्तिकराचं थोडक्यात. आलेल्या भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग कर्जाचं व्याज. मेंटेनन्स, रंग, दलाली वेगळे दाखवता येत नाहीत, ते त्या ३० टक्क्यांतच आले. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याजच चार लाखांच्या आसपास जातं, म्हणजे घराच्या खात्यावर तोटा दिसेल. जुन्या करप्रणालीत त्यातले २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतात. नव्या प्रणालीत व्याज भाड्यातून वजा करता येतं, पण तोटा पगाराला लावता येत नाही. "घर घ्या, टॅक्स वाचेल" असं सांगणाऱ्याला आधी विचारा, कुठल्या प्रणालीत? तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर तो फायदा हिशोबातून खोडून टाका.

राहिला आईच्या नावाचा प्रश्न. घेणाऱ्या सगळ्या स्त्रिया असतील तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ६० लाखांवर ६० हजार वाचतील. पण करारात तुमचंही नाव घातलंत की सवलत गेली. आणि तुमचं नाव नसेल तर हप्ता तुम्ही भरलात तरी व्याजाची वजावट तुम्हाला मिळत नाही, कारण तुम्ही मालकच नाही. आईचं वय बघून बँक कर्जाची मुदत आखडू शकते. भाडं मात्र आईचं उत्पन्न धरलं जाईल, आणि तिला दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर कर बहुधा लागणारच नाही. बायकोच्या नावावर तुमच्या पैशानं घेतलं तर भाडं तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जातं, आईच्या बाबतीत तसं होत नाही.

म्हणून तुम्ही नव्या करप्रणालीत असाल, कर्ज लहान असेल आणि आईची इच्छा असेल, तर तिच्या नावे घेणं ठीक आहे. त्याआधी एक करा. तुम्हाला भाऊ-बहीण असतील तर त्यांच्यासमोर बसून, पैसे कोणी घातले आणि घर पुढे कोणाचं, हे बोला, आणि आईला मृत्युपत्र करून ठेवायला सांगा. माझ्याकडच्या तीन परदेशी किल्ल्यांपैकी एक घर गेली सहा वर्षं बंद आहे. आई गेली, मृत्युपत्र नाही, आणि घर भाड्यानं द्यायलासुद्धा तीन भावंडांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत. मी दर महिन्याला जाते, खिडक्या उघडते, नळ सोडते, आणि पुन्हा कुलूप लावते.